साखरेचा डबा शेडमध्ये कुणी ठेवला

आत्या, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी भांडले. भर मांडवात नाही, तेवढी अक्कल होती. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली, पंगती उठल्या, पाहुणे पांगले आणि घरातलीच माणसं ओसरीवर टेकली, तेव्हा. आवाज मात्र मांडवापर्यंत गेला असणार, कारण मंडपवाला खुर्च्या गोळा करायचा थांबून आमच्याकडं बघत होता. सुनेनं सासूच्या पुण्यानुमोदनाला आवाज चढवला, एवढा विषय शेळगावाला महिनाभर पुरेल. पुरू दे. तुमच्यापर्यंत तिखटमीठ लावून जायच्या आधी मीच सांगते.

मेलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही, हे तुमचंच म्हणणं. ठीक आहे. जिवंतपणी तरी तुम्ही माझं एखादं वाक्य शेवटपर्यंत कधी ऐकून घेतलंत? मी ‘आत्या, मी काय म्हणते’ एवढं म्हणेपर्यंत तुम्ही उठून मोटर बघायला गेलेल्या असायचात. आता निदान जागच्या हलणार नाहीत. तेव्हा ऐका.

भांडण झालं तुमच्या-माझ्या रोपवाटिकेवरून. तुमचे दीर, तात्या, घसा खाकरून म्हणाले, “वैनी हुत्या तवर झालं. आता ह्या पोरीच्यानं घर बी हुयाचं न्हाय आन् शेडनेट बी न्हाय. डाळजचा एक जण भाड्यानं मागतोय. दिऊन टाकू. ही घर बगंल, ओवीचं बगंल.” ओवीचे पप्पा खाली बघत बसले होते. (तुमच्यासमोर मी त्यांना ‘अहो’ म्हणायचे, इथं सोयीसाठी प्रकाश म्हणते, रागावू नका.) मग तुमची लेक, रेखावन्सं, कन्हेरीहून आल्यापासून रडून रडून आवाज बसलेला, त्या म्हणाल्या, “मी वैशालीला कमी लेखत न्हाय. पन तिचं ध्यान ऱ्हात न्हाय, हे समद्यांना ठावं हाय. आईनं झाकलं म्हनून झाकलं गेलं.”

आईनं झाकलं. आत्या, तुम्ही असतात तर ह्या वाक्याला खो खो हसला असतात आणि हसता हसता चहा उतू घालवला असतात. मला मात्र हसू आलं नाही. माझं डोकं तडकलं.

कुणी कुणाला झाकलं, ते मला आणि तुम्हालाच माहीत. मी बारामतीची, शिकलेली, आणि लहानपणापासून धांदरट म्हणून नाव काढलेली. कॉलेजात प्रॅक्टिकलची वही घरी आणि मी कॉलेजात, नाहीतर परीक्षा कॉलेजात आणि मी घरी. शेवटचं वर्ष त्यातच राहिलं. लग्न ठरलं तेव्हा माझी आई मला एकच सांगत होती, की बाई, सासरी तरी ध्यानावर राहा, आमचं नाव घालवू नको. मी तेच घोकत तुमच्या घरात आले. पहिल्याच आठवड्यात आमटी केली. मीठ टाकलं, मग टाकलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा टाकलं. एवढ्यात तुम्ही बाहेरून आलात, चुलीवर आमटी बघितलीत आणि तुम्हीही चिमूटभर नव्हे, चांगलं मुठीनं मीठ टाकलंत. का, तर तुम्हाला वाटलं, आमटी तुम्हीच ठेवून गेला होतात. प्रकाशनं पहिला घास घेतला आणि तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवीचना.

मी रडायच्या बेतात. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, पातेल्याकडं बघितलंत आणि मटकन खाली बसून हसायला लागलात. “वैशाले, तुला बी हुतंय व्हय असं? बरं झालं बाई. मला वाटलं हुतं आक्ख्या इंदापूर तालुक्यात म्या एकलीच हाय.” माझ्या आयुष्यात तोवर मला चुकल्यावर रागावणारी माणसं भेटली होती, समजावणारी भेटली होती, उपदेश करणारी तर रग्गड. चूक बघून आनंद झालेली तुम्ही पहिली. त्या दिवशी मला सासरी आल्यासारखं वाटायचं थांबलं.

मग आपण दोघींनी घर चालवायची आपली तऱ्हा काढली. बाया पदराला गाठ मारतात. तुम्ही ते करून बघितलेलं होतं. “गाठ दिसती, पन कशाची ती आठवत न्हाय,” असं तुमचं म्हणणं. म्हणून आपल्या घरात वस्तूच वाटेत ठेवायची पद्धत. खताची गोणी शेडला न्यायची तर ती दारात आडवी, म्हणजे ओलांडताना ठेच लागणारच. ओवीचा डबा तिच्या बुटांवर. लाईटचं बिल तुमच्या चष्म्याखाली. येणारा जाणारा म्हणायचा, काय हा पसारा. आपल्या घरात पसारा नव्हता, जागच्या जागी ठेवलेली कामं होती. आणि दुसरी पद्धत बोलून दाखवायची. “मोटर चालू केली गं!” तुम्ही आतून ओरडायचात. “ऐकलं!” मी शेडमधून. एकीनं विसरलं तर दुसरीनं ऐकलेलं असायचं. शेजारच्या वस्तीवरच्यांना वर्षभर वाटत होतं, ह्या सासवा-सुना दिवसरात्र भांडतात. त्यांना सांगायला गेले तर तुम्ही मला अडवलंत. म्हणालात, वाटू दे, तेवढीच आपली वचक राहती.

रोपवाटिकाही तुमच्याच डोक्यातून निघाली. वाट्याला आलेलं रान थोडं. भावकी म्हणत होती ऊस लावा. वर्षभर एकाच पिकाकडं बघत बसणं तुमच्या-माझ्या बापजन्मात जमलं नसतं. रोपांचं तसं नाही. आज बी टाकलं, चार दिवसांनी कोंब, मग पान, महिना-सव्वा महिन्यात शेतकरी येऊन ट्रे घेऊन जातो. रोज शेडमध्ये काहीतरी वेगळं असतं, म्हणून मन तिथं टिकतं. माझं पुस्तकी ज्ञान आणि तुमचा हात, असं आपलं चाललं. मिरची, ढोबळी, टोमॅटो, झेंडू. भिगवणपासून इकडं निमगावपर्यंतचे लोक यायला लागले. मी एकदा बी टाकायला बसले की मला हाक ऐकू येत नाही, भूक कळत नाही, ओवी शाळेतून आलेली कळत नाही. लोक म्हणतात हिचं लक्ष नसतं. अहो, असतं की! नको तिथं इतकं असतं की ओढून काढावं लागतं. तुम्ही येऊन माझ्या पाठीवर हात ठेवायचात, बोलायचा नाहीत, कारण बोललेलं मला ऐकूच यायचं नाही हे तुम्हाला ठाऊक होतं.

रविवारी विहारात भन्तेजी डोळे मिटून बसायला सांगायचे. मन श्वासावर आणा म्हणायचे. सगळ्या बाया दगडासारख्या स्थिर आणि आपण दोघी मागच्या रांगेत. एकदा तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवून माझ्या कानाशी आलात आणि म्हणालात, “वैशे, माजं मन हितं बी न्हाय आन् शेळगावात बी न्हाय. कुठं गेलंय ते सांगून तरी जायाचं.” मला हसू आवरेना. भन्तेजींनी डोळे उघडून बघितलं, आणि तुम्ही इतका शांत चेहरा केलात की बोलणी मला एकटीला बसली.

ओवी पाचवीत गेली आणि शाळेतून रोज निरोप यायला लागले. वही अपुरी, जागेवर बसत नाही, हुशार आहे पण. त्या ‘पण’नं माझं बालपण खाल्लं होतं, म्हणून मी तिला घेऊन बारामतीला डॉक्टरांकडं गेले. तुम्ही हट्टानं बरोबर आलात. डॉक्टर मला विचारत होते, मुलगी काम अर्धवट टाकते का, वस्तू हरवते का, दुसऱ्याचं बोलणं पुरं होण्याआधी बोलते का. त्यांचा प्रश्न संपायच्या आत तुम्ही म्हणायचात, “व्हय.” चार-पाच वेळा झाल्यावर ते म्हणाले, “आजी, मी नातीबद्दल विचारतोय.” तुम्ही म्हणालात, “मी माजं सांगतिया.” मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आपल्या तिघींकडं आळीपाळीनं बघितलं. पुढच्या खेपेला माझी तपासणी झाली, नीट बसवून, लहानपणापासूनचं सगळं विचारून. ‘अटेन्शन डेफिसिट’, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं. मोठ्या माणसांतही असतं, म्हणाले. घराण्यात बऱ्याचदा उतरतं. ओवीला दोन्हीकडनं आलंय, असं मी म्हटल्यावर ते हसले. तुम्हाला त्यांनी सांगितलं, आजी, तुमचीही तपासणी करू. तुम्ही उठून उभ्या राहिलात आणि म्हणालात, गाडी चुकंल.

गाडी चुकणार नव्हती. परतताना सगळ्या वाटेनं आपलं भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. मला त्या नावानं इतकं हलकं वाटलं होतं की मी खिडकीतून दिसेल त्याला सांगितलं असतं. आळशी नाही, बेजबाबदार नाही, मूर्ख तर नाहीच. मेंदूची ठेवण अशी आहे. तुम्ही मात्र तोंड फिरवून बसला होतात. “ते नाव दवाखान्यातच ठिव. आमाला लोकांनी लई नावं ठिवली, वैशे. आदी जातीची ठिवली. मालक गेलं तवा रांडमुंड म्हनून ठिवलं. आता हे आनखी एक म्या माज्या हातानं चिकटवून घिऊ व्हय?” मी म्हटलं, “तुमच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा नवं नाव आपल्या हातानंच घेतलं की. त्या नावानं माणूस मोठा झाला का बारका?” तुम्ही तिकिटाची घडी घालत बसलात. मला वाटलं, जिंकले. मग म्हणालात, “ते समद्यांनी मिळून घितलं हुतं. हे मला एकलीला घ्यावं लागंल.”

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, माझं नेहमीचंच, उत्तर सुचतं ते माणूस निघून गेल्यावर. आज सुचलंय. एकटीला कुठं, आत्या? ओवी आणि मी, आम्ही दोघी शेजारच्याच सीटवर बसलो होतो की.

पण तुम्ही एवढ्यावर थांबला नाहीत. गावात उतरल्यावर माझा दंड धरलात आणि म्हणालात, “तुजं तू काय बी कर. पोरीला गोळी दे, तू खा. माजं कुनाला सांगू नगं. रेखीला तर न्हायच न्हाय.” मी तो शब्द पाळला. तुम्ही वाटेत ठेवलेल्या गोण्या माझ्या नावावर गेल्या. तुम्ही उतू घातलेलं दूध मी विसरले असं झालं. सून विसरभोळी आणि सासू खमकी, हे गावानं ठरवलं आणि आपण ते चालू दिलं. तुम्हाला ते बरं वाटायचं असंही नाही. पाहुणे गेले की तुम्ही माझ्यासाठी गुळाचा खडा घेऊन यायचात आणि काही न बोलता हातावर ठेवायचात. मी तेवढ्यावर भागवलं.

गोळीनं जादू झाली नाही. एवढंच झालं की हातात घेतलेलं काम थोडा वेळ डोळ्यांसमोर थांबायला लागलं. ओवीला बाईंनी पहिल्या बाकावर घेतलं, अभ्यास तुकड्या-तुकड्यानं द्यायला लागल्या, आणि पोरगी वर्गात बोलायला लागली. प्रकाश डेअरीच्या पाळीवरून आला की तिच्याबरोबर उभ्यानं पाढे म्हणतो, कारण बसून ती म्हणत नाही. माझं घर असं चालतं. आडवं-तिडवं, ओरडाआरड करत, पण चालतं. भाजी कधी करपते. शाळेची एकच फी मी दोनदा भरली. तरी माझ्या शेडमधनं गेलेली रोपं उभ्या तालुक्यात फळं देतायत, हेही तेवढंच खरं.

आता साखरेच्या डब्याचं. बी टाकल्यावर ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदाखाली झाकून ठेवावे लागतात. आत ऊब धरते, कोंब फुटतो. कोंब दिसला की त्याच दिवशी कागद काढायचा. एक दिवस चुकला की रोपं उजेड शोधत पांढरी, लांबुडकी होतात आणि मग ती कशाच्याच कामाची राहत नाहीत. सुरुवातीला आपण असे दोन लॉट घालवले. मग तुम्ही शक्कल काढलीत. ट्रे झाकले की स्वयंपाकघरातला साखरेचा डबा नेऊन त्या थप्पीवर ठेवायचा. सकाळी उठल्याबरोबर चहा लागतो, चहाला साखर लागते, साखर आणायला शेडमध्ये जावंच लागतं, आणि गेलं की कागद उचलून बघितला जातो. मी शिकलेली असून मला हे सुचलं नव्हतं. मोबाईलचा गजर मी झोपेत बंद करते. चहा बंद करता येत नाही.

त्या संध्याकाळीही तुम्हीच डबा घेऊन गेलात. ढोबळीचे ट्रे झाकलेले होते. येताना म्हणालात, उद्या परवा कोंब दिसंल. सकाळी मी उठले तेव्हा तुम्ही अंगण झाडत होतात. खराट्याचा आवाज थांबला, एवढंच मला कळलं. बाहेर आले तर तुम्ही पायरीला टेकून बसलेल्या, जरा दमल्यासारख्या. मी पाणी आणायला आत गेले आणि आत गेल्यावर, आत्या, मी पाणी विसरले नाही. हे मला लिहून ठेवायचंय. तांब्या भरून धावत बाहेर आले. तुम्ही गेला होतात.

घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही. चहा शेजारून आला, किटलीतून, साखर घातलेला. दुसऱ्या दिवशी भावकीतून आला. तिसऱ्या दिवशी रेखावन्संच्या सासरहून डबे आले. कुणालाच साखर लागली नाही. डबा थप्पीवर तसाच राहिला आणि कागदाखाली ढोबळी पिवळी पडून गेली. तुमची इतक्या वर्षांची शक्कल कधी चुकली नव्हती. ती चुकायला तुम्हालाच मरावं लागलं.

तो डबा सापडला रेखावन्संना. पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी घरात पहिल्यांदा चहा टाकायचा होता, साखर मिळेना, शोधत शोधत त्या शेडमध्ये गेल्या. डबा घेऊन आल्या, डब्याला मुंग्या लागलेल्या, आणि डब्याखालची मेलेली रोपंही बघून आल्या. म्हणून दुसऱ्या दिवशी ओसरीवर तात्यांचं बोलणं संपल्यावर रेखावन्संनी सगळ्यांसमोर तो डबा मध्ये ठेवला. “साखर शेडमधी सापडली. शेडमधी! आन् आईच्या हातची शेवटची रोपं, ती बी घालीवली. आता बोला.”

तात्यांनी मान डोलावली. बाया तोंडावर पदर घेऊन एकमेकींकडं बघायला लागल्या. प्रकाश मान वर करीना. आणि दारात ओवी उभी होती. ती माझ्याकडं बघत होती, आणि मला कळलं की ती नुसती माझ्याकडं बघत नाहीये. असं डोकं असलेल्या बाईचं पुढं काय करतात, ते ती बघतेय. तिच्या हातातलं काम काढून घेतात आणि तिला घर बघायला बसवतात. मी गप्प राहिले असते तर तिनं तेवढंच शिकून ठेवलं असतं.

मी म्हटलं, “डबा आत्यांनी ठेवला होता.”

मग आवाज चढला तो चढलाच. का ठेवला होता, ते सांगितलं. ओवीला जे आहे ते मला आहे आणि ते आत्यांना होतं, हे सांगितलं. डॉक्टरांनी दिलेलं नाव पूर्ण घेतलं. मी विसरते, म्हटलं, आणि पुढंही विसरणार आहे. ही रोपवाटिका दोन विसरणाऱ्या बायांनीच उभी केली, ध्यानवाल्या माणसांनी त्या वेळी फक्त ऊस लावायचा सल्ला दिला होता. रोपं माझ्यामुळं गेली असं म्हणायचं असेल तर म्हणा. त्या दिवसांत घरातल्या कुणाला ती आठवली, तेही सांगा. शेड भाड्यानं जाणार नाही.

रेखावन्सं ताडकन उठल्या. “माज्या मेलेल्या आईवर घालतीस? लाज वाटती का? माजी आई एक काम विसरत नव्हती!”

मग प्रकाश बोलला. तुम्हाला माहीत आहे, हा माणूस बैठकीत कधी तोंड उघडत नाही. तो म्हणाला, “ताई, वैशाली खरं बोलतीया. मी दोघींच्या हातचं जेवलोय.” आणि पुढं, तात्यांकडं बघून, “शेड हितंच ऱ्हानार.” एवढंच. माझा नवरा मला त्या क्षणी इतका आवडला, की तुमचं पुण्यानुमोदन आहे हेसुद्धा मी विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढोबळीवाल्या शेतकऱ्याला फोन केला. पूर्वी अशा वेळी मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे, बियाणंच खराब आलं वगैरे. ह्या वेळी सरळ सांगितलं, दादा, घरात दुःख झालं आणि ट्रे उघडायचे राहिले, आज नवीन बी टाकतेय, तुमची लागवड पुढं जाईल. तो म्हणाला, “मावशी गेल्याचं कळलं हुतं. माजं रान बी अजून तयार न्हाय. टाका तुमी.” मग मी नवे ट्रे भरायला शेडमध्ये बसले.

रेखावन्सं कन्हेरीला निघाल्या होत्या. रात्रभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. पिशवी खांद्याला लावून त्या शेडच्या दाराशी आल्या आणि उभ्या राहिल्या. मला वाटलं, राहिलेलं बोलून घ्यायला आल्या. मी हात थांबवला नाही.

“आई खरंच म्हनाली हुती? मला सांगू नगं म्हनून?”

“व्हय.”

“का?”

मला नक्की ठाऊक नव्हतं, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी मला वाटलं ते सांगितलं. “तुम्हाला सासरी कुणी नावं ठेवू नयेत म्हणून असेल. आईला आहे म्हणजे लेकीलाही असणार, असं म्हणतील म्हणून.”

त्या रिकाम्या क्रेटवर बसल्या. पिशवी खांद्यालाच. मग म्हणाल्या, “पोरीला म्या दोनदा शाळंतनं आनायचं इसरलेली हाय, वैशाली. भर पावसाळ्यात. अजून नवरा चारचौघांत ते काडतो. कुकर जाळला, सोन्याचं कानातलं घालीवलं, ननंदंच्या लग्नाला चुकीच्या दिवशी गेले. दर खेपंला माहेरी आले की आईकडं बघायची. वाटायचं, एवढ्या हुशार बाईच्या पोटी मीच कशी अशी निपजले.”

आत्या, तुम्ही लेकीला जपायला गप्प राहिलात, आणि तुमची लेक पंचेचाळीशी ओलांडेपर्यंत तुमच्याकडं बघून स्वतःला कमी समजत राहिली. त्या गाडीतल्या भांडणात हे माझ्याकडं असतं तर मी जिंकले असते. जिंकून काय केलं असतं, ते राहू दे. मला तुमचा राग आला, आणि त्याच क्षणी तुमच्या कुशीत शिरून रडावंसंही वाटलं, आणि दोन्ही करायला तुम्ही जागेवर नव्हतात.

“डाक्टर कंच्या वारी असत्यात?” रेखावन्संनी विचारलं.

मी सांगितलं. मी बरोबर येते म्हणाले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, फोन काढला आणि तात्यांना लावला. डाळजच्या माणसाला न्हाय म्हणून कळवा, एवढंच बोलल्या. तात्यांनी कारण विचारलं असणार, कारण त्या जरा थांबल्या, माझ्याकडं बघितलं, डोळे पुसले आणि तुमच्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आईला हुतं. मला बी हाय.”